बाबांच्या मनगटातली धमनी

११ ऑगस्ट, सोमवार

बाबांचा डावा हात घेणार. हात म्हणजे हातातली धमनी, कोपरापासून मनगटापर्यंतची, हृदयाच्या बायपाससाठी. रेडियल! माणसाच्या अंगात एवढ्या नळ्या, आणि नेमकी तीच, जिच्या तुकड्यांवर मी तीन वर्षं जीव काढून राहिले.

पायाची शीर चालणार नाही. डॉ. गोमासेंनी बाबांना पायजमा वर करायला सांगितला आणि पोटऱ्या बघूनच मान हलवली. अर्धं आयुष्य खड्ड्यातल्या हातमागावर बसून पायांनी पावड्या मारल्या, शिरा सुजून गाठी झाल्यात. म्हणाले, "एक छातीतली घेऊ, एक मनगटातली." मग बाबांचं मनगट दोन अंगठ्यांनी दाबून धरलं. तळहात पांढराफटक. एक अंगठा सोडला — हळूहळू लाल. "जमते! दुसऱ्या नळीवर हात जगतो."

बाबा हसले. "म्हणजे इथचा धागा काढाचा अन तिथं सांधाचा. हे तं आमचंच काम आहे, डॉक्टरसाहेब!"

आई पदर तोंडाला लावून बसलेली. पंकज बुटीबोरीहून रजा टाकून आलेला, त्याला सगळं मलाच विचारायचं होतं. "ताई, हे चांगलं असतं ना?" चांगलं असतं रे. शिरेपेक्षा जास्त वर्षं टिकतं. फक्त... फक्त काय ते नाही सांगितलं. काय सांगू, की ही धमनी महाकजाग असते म्हणून?

१२ ऑगस्ट

लॅबमध्ये आज कामठीच्या एका माणसाच्या मनगटातला तुकडा. ऑपरेशनमध्ये टोकाला जे उरतं ते थिएटरमधून थंडगार द्रावणात बुडवून आमच्याकडे येतं. मी त्याच्या बारीक कड्या कापते, भाताच्या शिताहून जरा मोठ्या. दोन तारांच्या आकड्यांत अडकवते आणि काचेच्या भांड्यात टांगते. आत कोमट खारट पाणी, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. माणूस आयसीयूत आणि त्याची कडी माझ्याकडे, दोघंही जिवंत! मग एकेक औषध सोडायचं. नॉरॲड्रेनालिन टाकलं की कडी आवळते, पडद्यावरची रेघ वर चढते. नायट्रोग्लिसरीन टाकलं की सैल पडते, रेघ खाली. माझा अख्खा प्रबंध एवढाच — जोडलेली नळी कोणत्या औषधानं उघडी राहते आणि कोणत्यानं मिटते.

छातीतली धमनी गुणाची. तिला चटकन राग येत नाही. मनगटातली मात्र जरा काही लागलं की मूठ आवळून बसते. आणि तिची मूठ आवळली की पुढे हृदयाला रक्त नाही. बस.

कामठीवाल्याची कडी आज सुटायलाच तयार नव्हती. डबा उघडला तर पोळी तोंडात नुसती फिरत राहिली. तिजारे मॅडम, माझ्या गाइड, बघत होत्या. म्हणाल्या, "घरचा पेशंट आहे तोवर हे आकडे डोक्यातून काढ." बोलायला काय जातं!

१४ ऑगस्ट

भरती केलं. एक निवासी डॉक्टर मुलगी माहिती लिहून घ्यायला आली. बीपी? शुगर? तंबाखू? मग — "आणखी काही गोळ्या घेता का, आजोबा?"

बाबा: "काही नाही जी."

आई: "काहीच नाही वं बाई. खर्रा खात होते, तो सोडवला मी."

आणि मी! मी किती ऐटीत — "फार्मकॉलॉजीत पीएचडी करतेय मी. घरात काय औषधं चालतात ते मला माहीत आहे."

ती बिचारी "सॉरी मॅम" म्हणून पुढच्या खाटेकडे गेली.

१८ ऑगस्ट

झालं. सकाळी आत नेलं, दुपार टळल्यावर बाहेर आणलं. दोन्ही जोड नीट. गोमासे मास्क खाली करून म्हणाले, "हाताची नळी एक नंबर होती. मेहनतीचा हात आहे."

आई तिथंच फरशीवर बसून रडली. मी नाही रडले. मी लॅबमध्ये गेले.

कारण बाबांचा उरलेला तुकडा तिकडे आला होता. भरती होताना त्यांनीच सही केली होती — "उरलं तं माह्या पोरीलेच द्या, बाहेर काहून फेकता!" मॅडम म्हणाल्या, तू नको करू, मी करते. मी ऐकलं नाही. कडी कापली. आकड्यांत टांगली, ताण दिला, थांबले. आवळायचं औषध टाकलं. आवळली, चांगली कडक. मग नायट्रोग्लिसरीन... आणि रेघ सरसर खाली! इतकी सुंदर सुटली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मॅडम डोकावून गेल्या.

बाबा, तुमची धमनी माझं ऐकते.

२३ ऑगस्ट, शनिवार

वॉर्डात आणलं. आज पोळ्याचा पाडवा, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीकडचे रस्ते बंद, पंकजला डबा घेऊन यायला मरणाचा वळसा पडला. लांबून ढोल ऐकू येत होते. आई खिडकीशी उभी राहून पुटपुटत होती — "रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत!" नंतर बाबांच्या खाटेभोवती हात ओवाळला आणि खिडकीबाहेर झटकला. नर्स हसली. मला नाही हसू आलं. घेऊन जा गं बाई, खरंच घेऊन जा.

२६ ऑगस्ट

घरी! तांडापेठेच्या गल्लीत रिक्षा शिरली तर अर्धी गल्ली दारात. बाबांनी हाताची पट्टी सगळ्यांना दाखवली, छातीची कुणाला दाखवली नाही.

गोळ्यांचं मी समजावलं आईला. ही रक्त पातळ करायची. ही डिल्टियाझेम आणि ही नायट्रेट, या दोन मनगटाच्या नळीसाठी. नळी आखडू नये म्हणून. या कधीही चुकवायच्या नाहीत. आई म्हणाली, "म्हणजे यायच्याच भरवशावर आहे का सारं?" हव आई, यायच्याच.

३० ऑगस्ट

बाबांचं डोकं दुखतंय. कालपासून. नायट्रेटनं दुखतंच — रक्तवाहिन्या सैल पडतात त्या डोक्यातल्याही पडतात. पण बाबांना मुळातच अर्धशिशीची खोड, तरुणपणापासून. त्यामुळे आता आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आईचा फोन आला तेव्हा मी कडी टांगत होते. "अवं, भल्लं दुखून राहिलं यायचं डोकं. उलटी होते का म्हणतात." मी फोन खांद्याला धरलेला, दोन्ही हात चिमट्यांत. म्हटलं, "नव्या गोळीनं होतं तसं. चार-आठ दिवसांत कमी होईल. तोवर डोक्याची गोळी दे ना त्यांना."

"देऊ? चालते?"

"चालते वं आई. दे. दुखलं की दे."

कडी तेवढ्यात निसटलीच. सगळं पहिल्यापासून.

१ सप्टेंबर, सोमवार

छातीत दुखलं. सकाळी अंघोळीच्या आधी. घामानं चिंब. पंकजनं उचलूनच रिक्षात घातलं. पोळ्याला नुकतं दहा दिवस झालेत, दाराचं तोरण वाळलंसुद्धा नाही आणि माणूस परत तिथंच.

अँजिओ केली. पडद्यावर मी स्वतः बघितलं. छातीतली धमनी छान, रुंद. मनगटातली — दोरा! परवापर्यंत भरभरून वाहणारी नळी, तिचा नुसता दोरा झालेला. रंग पुढे जातच नव्हता.

गोमासे म्हणाले, "आखडली आहे. गुठळी नाही. पण का? गोळ्या चुकवल्या?" नाही. "खर्रा?" बाबांनी मान हलवली. गोमासेंचा विश्वास बसला नाही. आईकडे वळले तर आई वाघिणीसारखी — "माह्या घरात खर्र्याची पन्नी दिसली तं मी आग लावीन, साहेब!"

ड्रिप सुरू केली. थोडी उघडली, परत मिटली.

मी काय शिकले इतकी वर्षं? काय उपटलं?

२ सप्टेंबर

पूर्ण लिहिते. कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

आयसीयूत आत सोडलं. मी बाबांचा उजवा हात धरला. गार! बोटं बर्फासारखी. डावा गार असता तर समजले असते, त्यातली धमनी काढलीय. उजवा काहून गार? चादर वर केली. पायाची बोटं निळसर. बाबा म्हणाले, "मुंग्या येऊन राहिल्या वं दोन दिवसांपासून. सांगितलं नाही, तुम्ही घाबरता म्हणून."

तेव्हा डोक्यात वीज पडली. नळी एकटी नव्हती आखडली. अख्खा माणूस आखडला होता. म्हणजे पोटात काहीतरी गेलंय.

"बाबा, काय खाल्लं? खरं सांगा. खर्रा?"

"तुझ्या आईची शप्पथ, नाही. जेवन अन गोळ्या. अन ते डोक्याची."

डोक्याची गोळी.

लहानपणी मीच आणायची ती. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, "काका, बाबाची डोक्याची गोळी द्या", ते पट्टीतून कात्रीनं दोन कापून पुडीत द्यायचे. नाव कधी वाचलं नाही. त्या तुकड्यावर नाव नसायचंच! आमच्या घरी ते औषध नव्हतंच कधी. औषध म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलेलं. ही तर डोक्याची गोळी — हळदीकुंकवासारखी घरात असायचीच.

घरी आले. आईच्या डब्यात सेफ्टीपिना, टिकल्या, आणि पुडीत उरलेली एक. मेडिकलमध्ये गेले. आता काकांचा मुलगा बसतो. म्हटलं, कापू नको, अख्खी पट्टी दाखव.

अर्गोटामिन.

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे हे नाव! धमन्या आवळणाऱ्या औषधांच्या परिच्छेदात. मी स्वतः टाइप केलंय. आणि वर ती नवी डिल्टियाझेम, ती या जुन्या गोळीला अंगातून लवकर बाहेर पडू देत नाही. म्हणून बरीच वर्षं पचली ती गोळी आता विष झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिथंच कोपऱ्यावर मोबाइल काढला.

गोमासेंना फोन केला. ते फक्त "ओह" म्हणाले. अर्ध्या तासात परत आत नेलं, नळीतच औषध सोडलं. उघडली. संध्याकाळपर्यंत बोटं कोमट झाली.

बाबा वाचले. पण हृदयाचा एक भाग गेला तो गेला.

३ सप्टेंबर

गोमासेंनी मला आणि पंकजला केबिनमध्ये बोलावलं. आधी बाबांची फाइल मिटून बाजूला सरकवली. मग मला — "कशात पीएचडी म्हणालीस?"

"फार्मकॉलॉजीत, सर."

"बघ, मला भांडायचं नाही. पण आता हृदयात राखीव काही उरलेलं नाही. पुन्हा असं झालं तर मला कितीही लवकर बोलाव, मी काही करू शकणार नाही. घरात प्रत्येकाला नीट समजावून सांग. प्रत्येकाला. ती गोळी का नाही द्यायची ते."

"हो सर."

नंतर बाबांकडे गेले. त्यांना मी सगळं सांगितलं, त्यांनीच विचारलं म्हणून. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, आई नाही ना ते. मग म्हणाले, "तुझ्या आईले सांगू नको वं, मिने."

"बाबा, सांगावं लागेल."

"तिनं आपल्या हातानं देली. रोज दोन-दोन. मोठ्या मायेनं देली. तिले समजलं की माह्या हातानं हे झालं, तं ते जेवन सोडून देईन. मी वळखतो तिले. गोळी बंद कर, पन कारन सांगू नको. वचन दे."

दिलं वचन.

बाहेर बाकावर आई. "कशानं झालं वं?" मी म्हटलं, "होतं गं कधीकधी ऑपरेशननंतर."

पंकज जिन्यात म्हणाला, "ताई, आईले सांगून टाक. डॉक्टर काय म्हणले ऐकलं ना?" मी त्याच्यावर खेकसले. बाबांचा शब्द आहे म्हटलं. आपल्यालाच फार कळतं का म्हटलं. तो खाली मान घालून निघून गेला.

इथं तरी खरं लिहू का? बाबांच्या आडून मी स्वतःलाच वाचवून राहिले. आईनं फोनवर विचारलं होतं — "देऊ? चालते?" आईला गोळीचं कळलं की तिचं पुढचं वाक्य मला ठाऊक आहे. "तूच तं म्हटली होती."

५ सप्टेंबर

लॅब. पारशिवनीच्या एका बाईंचा तुकडा आला. नेहमीची औषधं झाल्यावर शेवटच्या कडीत मी अर्गोटामिन टाकलं. अगदी थोडंसं. रेघ हळूहळू चढत गेली. घाई नाही, गडबड नाही. पाणी बदललं. नॉरॲड्रेनालिन असतं तर धुतल्यावर दोन मिनिटांत सुटली असती. ही नाही सुटली. परत धुतलं. परत. पुन्हा धुतलं. रेघ तिथंच! औषध भांड्यात उरलं नव्हतं तरी कडीनं धरून ठेवलेलं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वडिलांची केस आणि हा आलेख, दोन्ही मिळून छान पेपर होईल. लिहून काढ."

छान!

मी म्हटलं, "मॅडम, आज मला लवकर जायचंय." आकडे धुतले आणि निघाले.

९ सप्टेंबर

बाबा पुन्हा घरी. चार पावलं चालले की धाप. पायांवर सूज. गल्लीत या वेळी दारात कुणी नव्हतं.

गोळ्यांचा डबा उपसला. ती पुडी नालीत टाकली. मेडिकलवाल्याला दम दिला, आमच्या घरी ही गोळी कुणी मागितली तरी द्यायची नाही. तो म्हणाला, "बरं ताई, पण तुमच्या आईच नेतात." तरीही नाही!

मग आई. स्वयंपाकघरात पालक निवडत बसली होती. मी आधीच ठरवून गेले होते काय बोलायचं. "आई, ती डोक्याची गोळी आता बाबांना द्यायची नाही."

"काहून?"

"पोटाला बरी नाही ती. हृदयाच्या एवढ्या गोळ्या पोटात, त्यात ती गेली की जळजळ होते. आतून सोलतं."

"इतके वर्षं तं नाही जळलं."

"आता वय झालं ना त्यांचं. नाही द्यायची म्हणजे नाही."

आईनं एक पान उलटून पाहिलं, कीड होती, बाजूला टाकलं. "बरं बाप्पा. तुमचंच खरं. शिकलेल्या पोट्टीपुढं आपन का बोलाचं?"

सुटले एकदाची, असं वाटलं. असंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

१४ सप्टेंबर, रविवार

बाबा आज बरे होते. आईच्या लुगड्याचा काठ बोटांत धरून बघत बसले. डाव्या अंगठ्याला बधिरपणा आहे, धागा कळत नाही म्हणाले. मग उजव्यानं मोजले. "मशीनचा आहे. आपल्या हातचा असता तं उलट्या बाजूनंही असाच दिसला असता." आई म्हणाली, "तुमच्या हातचा कुठून आणू आता? माग तं भंगारात गेला." दोघं हसले. आई किती दिवसांनी हसली!

त्या हसण्यावर पाणी ओतायची माझी हिंमत नाही. सांगणार होते आज. नाही सांगितलं.

१८ सप्टेंबर

डोकं परत. कालपासून. मी नायट्रेट कमी करायचं विचारलं, गोमासे म्हणाले इतक्यात नको, त्यावरच नळी उघडी आहे. साधी पॅरासिटॅमॉल द्या. दिली. बाबांना अर्धशिशीत त्या गोळीनं काय होतंय! कपाळाला दुपट्टा बांधून भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आईला ते बघवत नाही. आत-बाहेर करते. सुंठ उगाळून लावली, तुपाचे थेंब नाकात घातले.

"अवं मिने, एकच देऊन पाहू का ते?"

"आई! सांगितलं ना एकदा!"

फार जोरात ओरडले. ती दचकली. तेव्हा खरं तोंडापर्यंत आलं होतं. बाबांनी पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनीच नको म्हणाले. मी म्हटलं, "पोट जळेल त्यांचं." आणि लॅबचं कारण काढून बाहेर पडले.

२० सप्टेंबर

पंकजशी फोनवर बोलले. तो बरोबर होता आणि मी चूक, हे त्याला आज सांगितलं. वचन गेलं खड्ड्यात. बाबा रागावले तर रागावोत, आई रडली तर रडो, मला शिव्या घालो. उद्या सर्वपित्री आहे. आजोबांच्या नावानं पान वाढायचं, आत्याला आणायचं, घरात माणसं राहतील. त्या गर्दीत नको. सोमवारी सकाळी आईला समोर बसवून सगळं सांगते. माझ्या फोनपासून सगळं.

ठरलं. पहिल्यांदाच छातीवरचं ओझं हललं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बाबा परवा दुपारी गेले. मी आणि पंकज कन्हानला आत्याला आणायला गेलो होतो.

आज बायका भेटायला येऊन राहिल्या. आई भिंतीला टेकून बसली आहे. येईल तिला तेच सांगते.

"काही त्रास नाही झाला वं यायले. डोकंच दुखत होतं तेवढं. सासऱ्याचं पान वाढाचं होतं, अन यायले बसवत नव्हतं. मग शेजारच्या कौशल्याबाईनं उसन्या नेल्या होत्या दोन गोळ्या, ते मांगून आणल्या. मिनूनं मना केली होती, पोटात जळजळ होते म्हणून. तं मी कपभर दुधासंगं देली. एकीनं उतरलं नाही तं आनखी एक देली. दुधानं काही जळलं नाही पोट. शांत झोपले."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं केलं ना वं, मिने?"

मी म्हटलं, "हव."